नॉक पुन्हा पुन्हा तुटतोय? आधी दोरीची जाडी तपासा

बाण सोडताना ‘फाट्’ असा आवाज होतो. बाण चार हातांवर आडवा पडतो किंवा भलतीकडेच जातो, धनुष्य हातात थरथरते, आणि बाण उचलून शेपटाकडे पाहिले की नॉकचा (बाणाच्या शेपटावरचा, दोरी अडकवायची खाच असलेला तुकडा) एक कान, म्हणजे खाचेची एक बाजू, गायब असते. आपण नवा नॉक चिकटवतो आणि सराव पुढे चालू ठेवतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच.

माझे तीन आठवड्यांत असे चार नॉक गेले. धनुष्य ६० इंची रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले), लिम्ब म्हणजे वाकणाऱ्या पात्या सुटे होणारे, २८ इंचांवर ४५ पौंड ताणाचे. बाण लाकडी, ११/३२ इंच जाडीचे, मागे चिकटवायचे प्लास्टिकचे नॉक. पहिल्या दोन वेळा मी नॉकच्या पाकिटाला दोष दिला आणि दुसऱ्या बनावटीचे नॉक आणले. तेही तुटले. मग लक्षात आले की दोरीवर नॉक बसवताना जास्तच जोर लावावा लागतोय, म्हणून बारीक कानशीने सगळ्या नॉकच्या खाचा थोड्या मोकळ्या केल्या. त्यानंतर नॉक तुटला नाही, पण पूर्ण ताण घेतलेला असताना तो दोरीवरून निसटला आणि ४५ पौंडांचे धनुष्य रिकामे सुटले. दोरीचा फटका कोपराच्या आतल्या बाजूला बसला आणि काळानिळा डाग दोन आठवडे राहिला. त्याहून जास्त काळजी धनुष्याची होती. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते.

नॉक तुटणे आणि ड्राय फायर (बाणाशिवाय धनुष्य रिकामे सुटणे) या दोन निराळ्या तक्रारी आहेत असे मला तोवर वाटत होते. तसे नाही. घट्ट नॉक चिरतो आणि धनुष्य रिकामे सुटते. सैल नॉक निसटतो आणि धनुष्य रिकामे सुटते. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते, आणि ती नॉकपेक्षा दोरीवर जास्त अवलंबून असते. मी चार वेळा नॉक बदलले, दोरीकडे एकदाही पाहिले नाही. चूक तिथे होती.

रिकाम्या सुटण्याने धनुष्याचे काय होते

४५ पौंडांचे धनुष्य २८ इंच ताणले की त्यात अंदाजे ५० ते ६० जूल ऊर्जा साठते. एक किलोचे वजन साधारण सहा मीटर उंचीवरून पडले तर जेवढी ऊर्जा, तेवढी ही. बाणाचे वजन धनुष्याला साजेसे असेल तर यातला मोठा भाग, तीन-चतुर्थांशाच्या आसपास, बाण घेऊन जातो. उरलेला लिम्ब, दोरी, आवाज आणि हाताला जाणवणारा धक्का यांत जिरतो. बाणच नसेल तर सगळी ऊर्जा लिम्बच्या टोकांवर, दोरीच्या फासांवर आणि चिकटवलेल्या थरांवर एका झटक्यात येते. धनुष्य तेवढ्यासाठी बनवलेले नसते.

म्हणूनच फार हलका बाणही अर्ध्या ड्राय फायरसारखा असतो. पारंपरिक धनुष्यासाठी बरेच कारागीर ताणाच्या प्रत्येक पौंडाला ८ ते १० ग्रेन वजनाचा बाण सांगतात. ४५ पौंडांना १० ग्रेनच्या हिशेबाने ४५० ग्रेन, म्हणजे सुमारे २९ ग्रॅम. टोक आणि पिसांसकट संपूर्ण बाण वजनकाट्यावर ठेवून पाहा, नुसत्या शाफ्टचे, म्हणजे बाणाच्या दांड्याचे, वजन धरू नका.

तुटलेला नॉक टाकू नका, त्याची तपासणी करा

नॉक कुठून तुटला यावरून कारण बरेचसे कळते. म्हणून तुकडे शोधा, उजेडात धरा, शक्य असेल तर भिंगाखाली पाहा.

तडा खाचेच्या तळापासून निघून शाफ्टच्या दिशेने गेला असेल आणि कानांच्या मुळाशी प्लास्टिक पांढरट पडले असेल, तर दोरी खाचेला जाड होतेय. प्रत्येक वेळी नॉक बसवताना कान बाहेर ढकलले जातात, प्लास्टिक थकते आणि शेवटी मुळातून सुटते. माझे चारही नॉक असेच गेले होते.

एकच कान वरच्या टोकाला खरवडलेला किंवा ठेचलेला असेल, तर बहुतेक दुसरा बाण त्याला घासून गेला आहे. दहा मीटरवर एकाच ठिपक्यावर सहा बाण मारत असाल तर हे होणारच. लक्ष्यावर सहा वेगळे ठिपके काढा आणि प्रत्येकावर एकच बाण मारा. नॉकही वाचतात आणि नेमही जास्त काटेकोर होतो.

नॉक अख्खा, न तुटता, टोपीसारखा निघून आला असेल तर दोष चिकटवण्यात आहे. आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसत असतील तर प्लास्टिकच खराब झाले आहे: फार दिवस उन्हात राहिले असेल किंवा त्याला नको ते रसायन लागले असेल. पॉलिकार्बोनेटच्या नॉकला ॲसिटोन सोसत नाही. शाफ्ट ॲसिटोनने पुसून तो पुरता सुकण्याआधी नॉक बसवला तर चिरा आतून सुरू होतात आणि कित्येक दिवसांनी दिसतात.

तडा गेलेला नॉक ‘अजून चार बाण चालेल’ म्हणून ठेवू नका. मी आता असा नॉक दिसला की पकडीने लगेच त्याचे दोन्ही कान मोडते. नाहीतर तो बाण गर्दीत परत भात्यात जातो आणि संध्याकाळच्या उजेडात कुणाला तडा दिसत नाही.

दोरी, सर्व्हिंग आणि एक तृतीयांश मिलिमीटर

नॉक तुटायला लागले त्याच्या थोडेच दिवस आधी मी नवी दोरी केली होती. जुनी डॅक्रॉनची (थोडा ताणला जाणारा पॉलिएस्टर धागा), १४ पदरांची. नवी डॅक्रॉनचीच, पण जास्त टिकावी म्हणून १६ पदरांची. मधल्या भागावर सर्व्हिंग (दोरीला झीज होऊ नये म्हणून दिलेले दोऱ्याचे वेढे) गुंडाळायला घरात होता तो जाड दोरा घेतला. हे दोन्ही बदल मला तेव्हा किरकोळ वाटले.

हिशेब करून पाहा. सर्व्हिंगचा दोरा बहुधा ०.०१८, ०.०२१ किंवा ०.०२५ इंच अशा जाडीत मिळतो. ०.०१८ च्या जागी ०.०२५ घेतला तर फरक ०.००७ इंचाचा, पण दोरा दोरीच्या दोन्ही बाजूंनी जातो, म्हणून एकूण जाडी ०.०१४ इंचाने, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिमीटरने वाढते. वर दोन जादा पदरांची भर. नॉकच्या खाचेला एवढा फरक खूप मोठा असतो.

उलटही होते. जुन्या डॅक्रॉनच्या जागी आधुनिक, कमी ताणल्या जाणाऱ्या धाग्याची दोरी घातली की ती बारीक असते. कालपर्यंत नीट बसणारे नॉक आज खुळखुळतात. (अशी दोरी धनुष्याला चालते का, हे बनवणाऱ्याला आधी विचारा. लिम्बची टोके त्यासाठी मजबूत केलेली नसतील तर ती टोकांच्या खाचा कापते.)

खाचेचे माप बरोबर आहे का, याची चाचणी सोपी आहे. धनुष्य आडवे धरा, दोरी जमिनीला समांतर ठेवा. नॉक नेहमीच्या जागी बसवा आणि बाण दोरीला उभा लटकू द्या. तो स्वतःच्या वजनाने पडता कामा नये. मग नॉकपासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोरीला बोटाने टिचकी मारा. एका टिचकीत, फार तर दुसऱ्या टिचकीत बाण सुटून पडला पाहिजे. टिचकीआधीच पडला तर सैल. चार-पाच टिचक्यांनीही लटकून राहिला तर घट्ट. ही चाचणी एका बाणावर करून बाकीचे तसेच असतील असे धरू नका, प्रत्येक बाण लटकवून पाहा. एकाच पाकिटातल्या नॉकमध्येही फरक निघतो.

घट्ट असेल तर सर्व्हिंग काढून बारीक दोऱ्याने पुन्हा गुंडाळा. दोरी स्वतः करत असाल तर धनुष्याच्या ताणाला पुरेसे राहतील एवढेच पदर ठेवा. ते जमत नसेल तर मोठ्या खाचेचे नॉक घ्या. कित्येक नॉक लहान आणि मोठ्या अशा दोन खाचांत मिळतात. कानस मात्र नको. नॉकच्या तोंडाशी दोन कान आत वळलेले असतात आणि दोरी ‘टक्’ करून आत जाते ती त्या अरुंद तोंडामुळे. कानस चालवली की पहिल्यांदा नेमके तेच तोंड घासले जाते. म्हणजे धरून ठेवणारा भाग जातो आणि आतला गळा होता तसाच घट्ट राहतो. माझ्या नॉकचे हेच झाले होते: चिरण्याचा धोका तसाच राहिला आणि वर निसटण्याचा धोका वाढला.

सैल असेल तर जाड सर्व्हिंग करा. तात्पुरता उपाय म्हणून दात साफ करायचा मेणाचा दोरा नॉक बसतो तिथे सर्व्हिंगवर एकसारखा, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळला तरी चालतो.

सकाळी नीट बसणारा नॉक दुपारी सैल वाटत असेल तर सर्व्हिंग सरकतेय का पाहा. सैल गुंडाळलेले सर्व्हिंग नॉकखाली फाकते, वेढ्यांमध्ये फट पडते आणि नॉक त्या फटीतल्या उघड्या पदरांवर बसतो. हे डोळ्यांना पटकन दिसत नाही. नखाने खाली ओढून पाहिले की कळते.

बोटांची पकड

माप बरोबर असूनही नॉक निसटत असेल तर आपल्या हाताकडे वळा. एक बोट नॉकच्या वर आणि दोन खाली अशी पकड असेल तर पूर्ण ताणात दोरीचा कोन तीव्र होतो आणि बोटे नॉकला वरून-खालून चिमटीत धरतात. धनुष्य जितके आखूड, तितका कोन तीव्र आणि चिमटा घट्ट. चिमट्याने बाण विश्रामावरून (धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेवरून) उचलला जातो किंवा नॉक दोरीवर तिरका होऊन दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकतो. तेवढ्यावर दोरी सोडली की ती खाचेच्या तळाला न लागता कानांच्या टोकांना लागते. मग एक तर कान मोडतो, नाही तर दोरी बाणाच्या बाजूने निघून जाते.

दोरी बोटांच्या पहिल्या सांध्यात नीट अडकवा आणि तर्जनी नॉकला टेकू देऊ नका. बोटांमध्ये स्पेसर (अंतर ठेवणारा तुकडा) असलेला टॅब, म्हणजे दोरी ओढणाऱ्या बोटांचे संरक्षक, मिळतो, त्याचा चांगला उपयोग होतो. फार आखूड धनुष्यावर तिन्ही बोटे नॉकखाली घेणे बरे. अंगठ्याने ताणणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे तर्जनीच्या हलक्या दाबानेच बाण दोरीशी आणि धनुष्याशी जागेवर राहतो. तो दाब वाढला की बाण वाकतो, कमी पडला की बाण पडतो.

एक सवय मी लावून घेतली आहे. ताण घेऊन बाण न सोडता दोरी हळू परत आणली, की पुन्हा ताणण्याआधी नॉक दाबून बसवते. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त निसटलेले नॉक याच वेळचे आहेत. माणूस थांबतो, कुणाशी दोन शब्द बोलतो, पुन्हा ताणतो, आणि मधल्या वेळात नॉक अर्धा बाहेर आलेला असतो.

तिन्ही बोटे खाली घेणाऱ्यांनी नॉकच्या खालीही दुसरा नॉकिंग पॉइंट (नॉकची जागा ठरवणारी दोरीवरची गाठ किंवा कडी) बांधावा. नाहीतर दोरी सोडताना नॉक दोरीवरून खाली घसरतो. पितळी कडी वापरत असाल तर तिची धार बोटाने तपासा, ती प्लास्टिकला हळूहळू कापत राहते. दोऱ्याने बांधलेला नॉकिंग पॉइंट मला सगळ्याच बाबतीत उजवा वाटतो.

चिकटवलेला नॉक, कोरलेली खाच

लाकडी शाफ्टवर नॉकसाठी मागचे टोक ११.५ अंशांत निमुळते करतात, पुढच्या टोकाचे फळ बसवण्यासाठी ५ अंशांत. दोन्ही कोनांची छिद्रे एकाच यंत्रात असतात आणि घाईत अदलाबदल होते. चुकीच्या कोनावर नॉक फक्त कडेला टेकतो, आत पोकळ राहतो आणि धक्का सोसत नाही. निमुळत्या भागावर व्हार्निशही नको. गोंद मग लाकडाला न लागता व्हार्निशला लागतो. जुना नॉक सुरीने कापून काढू नका, लाकडावर खाप पडते. लाकडी शाफ्टचे टोक काही सेकंद उकळत्या पाण्यात धरा, प्लास्टिक मऊ पडले की पकडीने फिरवून ओढा, आणि लाकूड पूर्ण सुकल्यावरच नवा नॉक लावा.

शाफ्टमध्येच खाच कोरत असाल तर लाकडाच्या वाढीची वलये पाहा. शाफ्टच्या टोकावर ती समांतर रेषांसारखी दिसतात. खाच या रेषांना काटकोनात हवी. रेषांच्याच दिशेने कोरली तर दोरी पाचरीसारखी दोन थरांमध्ये शिरते आणि बाण उभा चिरतो. ताण जास्त असेल तर खाचेला आडवी, शिंगाची किंवा कठीण लाकडाची पातळ पट्टी बसवा. खाचेच्या लगेच खाली दोऱ्याचे घट्ट वेढे द्या आणि त्यावर गोंद फिरवा. हे वेढे शोभेचे नाहीत. चीर सुरू झालीच तर तिला ते तिथेच थोपवतात.

कार्बनच्या बाणाचा नॉक तुटला तर नवा घालण्याआधी नळीचे तोंड तपासा. बाण दोन्ही टोकांना धरून हलका वाकवा, फिरवत चारही बाजूंनी वाकवा आणि कान लावून ऐका. करकर ऐकू आली किंवा तंतू सुटलेले दिसले तर तो बाण संपला. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या सळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

ड्राय फायर झालाच तर

पहिली गोष्ट, ‘धनुष्य ठीक आहे ना’ हे पाहायला लगेच दुसरा बाण लावू नका. मला तो मोह झाला होता. धनुष्य खाली करा, आधी स्वतःचा हात आणि चेहरा पाहा, मग स्ट्रिंगर (दोरी चढवायची-उतरवायची साधनदोरी) वापरून दोरी उतरवा.

दोरीचे दोन्ही फास उलगडून पाहा. एखादा पदर तुटलेला किंवा विस्कटलेला असेल तर दोरी बदला. लिम्बच्या टोकांवर दोरी बसते त्या खाचांच्या तळाशी चीर आहे का, टोकावरची जोडपट्टी सुटली आहे का, ते पाहा. मग लिम्बच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावर आणि दोन्ही कडांवरून कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा. डोळ्यांना न दिसणारा फायबरग्लासचा तंतू कापूस अडकवून दाखवतो. कडेने पाहताना थर एकमेकांपासून सुटलेत का ते बघा. सुटलेल्या जागी बारीक रेष किंवा फिकट पट्टा दिसतो. सुट्या लिम्बचे धनुष्य असेल तर लिम्ब काढून रायझरमधली (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागातली) बैठक आणि बोल्ट पाहा.

एकाच लाकडाचे धनुष्य असेल तर पोटाची बाजू, म्हणजे ताणताना तुमच्याकडे असलेली बाजू, तिरप्या उजेडात धरा. लाकूड दबून मोडल्याच्या सुरकुत्या आडव्या, केसाएवढ्या असतात आणि नखाला लागतात. शिंग आणि स्नायुतंतूंच्या धनुष्यात जोडांकडे जास्त लक्ष द्या, आणि शंका आली तर ते स्वतः पुन्हा चढवू नका. जाणत्या कारागिराच्या हाती द्या.

काहीच सापडले नाही तर स्ट्रिंगरने दोरी चढवा. ब्रेस हाइट, म्हणजे चढवलेल्या धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर, मोजा. रायझरजवळ दोन्ही लिम्बपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजा. ही मापे धनुष्य चांगले असतानाच लिहून ठेवलेली हवीत, नाहीतर तुलना कशाशी करणार? लिम्बला पीळ पडलाय का, ते टोकाकडून दोरीच्या रेषेत पाहून ताडा. मग धनुष्य थोडा वेळ तसेच चढवून ठेवा. सगळे ठीक वाटले तर तोंड जमिनीकडे करून, चेहऱ्यापासून दूर, चार इंच ताणा आणि हळू सोडा. मग अर्धे ताणा. कुठेही ‘टिक्’ आवाज आला की तिथेच थांबा. या वेळी डोळ्यांवर चष्मा असू द्या.

माझ्या धनुष्याची ब्रेस हाइट पूर्वीइतकीच भरली, ७ इंच आणि वर पाऊण. टोके ठीक होती, आवाज नव्हता. पण खालच्या लिम्बच्या कडेला, टोकापासून सुमारे आठ सेंटिमीटरवर, कापूस अडकला. भिंगाखाली फायबरग्लासची एक काडी उभी राहिलेली दिसली, आणि तिच्यापासून आत जाणारी अर्ध्या नखाएवढी रेष. झटपट सुकणारा गोंद भरून ती रेष बुजवता आली असती, पण त्याने रेष दिसेनाशी झाली असती, थर जुळले नसते. पुढच्या ताणाला ती किती आत गेली हे मला कळलेच नसते.

मी लिम्बची जोडी बदलली. नव्या जोडीबरोबर १४ पदरांची दोरी, ०.०१८ इंचाचे सर्व्हिंग, आणि प्रत्येक नॉक टिचकीने तपासलेला. जुनी जोडी भंगारात टाकण्याआधी करवतीने आडवी कापली, म्हणजे कुणी ती उचलून सरावासाठी चढवणार नाही.